समोरच्या वकिलांनी आमचा 'डिस्पॅच' व्हॉट्सॲप ग्रुप मागितलाय. सगळाच द्यायचा का?

खोकेवाली, कुंडई

नमस्कार मंडळी. आम्हाला वकील आहेत, चांगले आहेत. पण फोन केला की "सगळं घेऊन या, बसून बोलू" म्हणतात. सगळं म्हणजे काय, तेच आम्हाला कळत नाही, म्हणून इथे विचारते.

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. भागीदारी आमच्या ह्यांची आणि धाकट्या दिरांची. हिशेब, जीएसटी, ई-वे बिल माझ्याकडे. २०२३ च्या जून-जुलैत एका औषध कंपनीला फाइव्ह प्लाय (पाच थरांचे) खोके दिले, अकरा गाड्या. १८ लाख ४० हजार अडकले ते आजतागायत. ते म्हणतात, खोके ओलसर होते, थप्पी लावल्यावर खालची रांग बसली. आम्ही म्हणतो, ठरलेला कागद तेव्हा मिळत नव्हता, कमी जीएसएमचा, म्हणजे कमी वजनाचा, चालेल असं त्यांच्याच खरेदी अधिकाऱ्याने कळवलं, आणि वर माल त्यांनी ऐन जुलैत शेडबाहेर ताडपत्रीखाली ठेवला. मध्यस्थीत काही निघालं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात कमर्शियल दावा घातला. दाव्याला त्या अधिकाऱ्याच्या 'ओके, पाठवा' मेसेजचा स्क्रीनशॉट जोडला होता. तेवढाच.

आता त्यांच्या वकिलांची नोटीस आली आहे: एप्रिल २०२२ पासून आजपर्यंतचा अख्खा 'डिस्पॅच' ग्रुप, फोटो आणि व्हॉइस मेसेजसह, टॅलीचे (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे) सगळे बॅकअप, आणि दिरांचं त्या अधिकाऱ्याशी फोनवर झालेलं सगळं चॅट. मुदत १५ दिवस, त्यातले चार गेले.

अडचणी सांगते. ग्रुपमध्ये नुसत्या गाड्या नाहीत. आमच्या ड्रायव्हरच्या बायकोचे तपासणीचे रिपोर्ट आहेत, मुकादमाने मागितलेली उचल आहे, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान कोणी आणायचं यावरून झालेलं भांडण आहे. हे परक्या माणसाच्या हातात द्यायचं?

दुसरं, मी ड्रायव्हरच्या फोनवरून ग्रुप एक्स्पोर्ट करून बघितला. फाइल सुरूच होते डिसेंबर २०२३ पासून! त्याच्या आधीचं काहीच नाही. फोनवर वर सरकवत गेलं तर जुलै दिसतो, फाइलमध्ये नाही. कोणी पुसलं?

तिसरं, दिरांचा तेव्हाचा फोन २०२४ च्या जानेवारीत टाकीत पडला. घरच्यांनी तो उकड्या तांदळाच्या डब्यात ठेवला आणि अजून तिथेच आहे, खरं सांगते, तांदूळ दोनदा बदलले. नवा फोन घेतला तेव्हा 'बॅकअप रिस्टोअर करू का' असं विचारल्यावर दिरांनी 'नको' दाबलं. अधिकाऱ्याशी झालेलं चॅट फक्त त्या मेलेल्या फोनमध्ये.

आणि चौथं, ज्याच्यामुळे झोप येत नाही. ११ जुलैला दिरांनी स्वतःच ग्रुपवर टाकलंय, "आजचा लॉट जरा नरम वाटतोय, हा आधी वापरून संपवा." त्यांचं म्हणणं, ग्रुपच डिलीट करतो, मग कोण काय मागणार.

---

नाव कशाला

दीर बरोबर बोलतात. फोन बदलला, गेलं सगळं. कोर्ट काय तुमच्या घरी येऊन बघणार आहे?

---

काळा कोट, म्हापसा

वरचा सल्ला ऐकायचा असेल तर पुढचं वाचू नका.

ताई, त्या ग्रुपमध्ये कंपनीचा माणूस होता ना? मग ११ जुलैचा मेसेज त्याच्या फोनवर आहेच. तुमच्याकडून पुसला की त्यांच्याकडे मेसेज आणि तुमच्याकडे पुसल्याचा डाग. पुरावा मुद्दाम दडवला की तो हजर केला असता तर दडवणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता, असं कोर्ट धरून चालू शकतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११९ कलम, जुन्या कायद्यात ११४. पुराव्यात येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या २४१ कलमाखाली गुन्हाच. १८ लाखांच्या वसुलीसाठी गेलेला माणूस आरोपी होऊन परत यायला नको. दिरांना हे आजच वाचून दाखवा.

मला त्या मेसेजपेक्षा जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. कमर्शियल दाव्यात वादीने दाव्याबरोबरच आपल्या ताब्यातली सगळी संबंधित कागदपत्रं उघड करायची असतात, बाजूची आणि विरुद्धचीही, आणि 'सगळं दिलं' असं शपथेवर लिहून द्यायचं असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा अकरावा आदेश २०१५ च्या कायद्याने या दाव्यांपुरता बदलला, तो हाच. म्हणजे एका स्क्रीनशॉटवर तुमच्या मिस्टरांनी 'सगळं दिलं' अशी शपथ घेतली आहे. (कारकुनाने खूण केलेल्या जागी सही, बरोबर? सगळ्यांचं तसंच असतं.) आता ते निस्तरायचं. उघड करण्याचं हे बंधन दावा निकाली निघेपर्यंत चालूच राहतं, म्हणून उरलेलं का राहिलं याचं खरं कारण देऊन कोर्टाची परवानगी मागा आणि आपण होऊन दाखल करा. स्वतः आणलेला नरम लॉट आणि समोरच्याने उलटतपासणीत बाहेर काढलेला नरम लॉट, दोन्हींचा परिणाम सारखा नसतो. आणि खरं तर तो मेसेज तितका वाईटही नाही. तुम्ही सावध केलं होतं, तरी त्यांनी माल बाहेर ठेवला, असंही तो वाचता येतो.

सगळाच ग्रुप द्यायचा का? नाही. एप्रिल २०२२ चा तुमच्या वादाशी संबंध काय? अकरा गाड्या दोन महिन्यांतल्या. अशा मोघम मागणीला आम्ही कोर्टात गरी टाकून बसणं म्हणतो, काय लागतं बघू. मुदतीत लेखी उत्तर द्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं, या मालाबद्दलचं देतो, बाकीचं का नाही, तेही लिहा. गप्प बसू नका, नोटिशीला उत्तरच न देण्यातूनही विरुद्ध अर्थ निघतो. ड्रायव्हरच्या बायकोचे रिपोर्ट झाकायचे, पण झाकलं आहे आणि कशाबद्दलचं आहे ते सांगून झाकायचं. मधल्या दोन ओळी गुपचूप उडवल्या की उरलेल्या दोनशे ओळींवरचा विश्वास उडतो. वकिलांशी झालेलं तुमचं बोलणं द्यावं लागत नाही. सीएशी झालेल्या बोलण्याला मात्र ते संरक्षण नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायचं प्रमाणपत्र. दावा १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणून तुम्हाला नवा कायदा, कलम ६३. आधीचा असता तर जुनं ६५ब. नव्या नमुन्यात दोन भाग. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात असतं त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. भाग अ मध्ये फोनचा मेक, मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), इतकंच काय रंगसुद्धा लिहायचा असतो, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून संगणक काढतो ती ठशासारखी ओळ. ड्रायव्हरच्या फोनचा भाग अ ड्रायव्हरच भरणार, तुम्ही नव्हे. दुसरा मार्ग म्हणजे त्याने मूळ फोन घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं. मग प्रमाणपत्र लागत नाही. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. उमेदवारी अर्ज तीन वाजायच्या आत आला की नंतर, एवढाच तिथे वाद. निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण होतं, पण वारंवार मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देईनात. कोर्ट म्हणालं, ज्याच्या ताब्यात उपकरण आहे तो देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट त्याला बोलावेल. तुमच्या प्रकरणात त्या खरेदी अधिकाऱ्याच्या फोनसाठी हे लक्षात ठेवा.

शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचा. पण या वेळी रिकाम्या हाताने जाऊ नका.

---

दुरुस्तीवाला, डिचोली

ताई, कोणी काही पुसलेलं नाही. तुम्ही 'मीडियासह' दाबलं असणार. व्हॉट्सॲप मीडियासह एक्स्पोर्टमध्ये शेवटचे १०,००० मेसेज देतं आणि मीडियाशिवाय ४०,०००. तुमच्या ग्रुपवर प्रत्येक गाडीचे सहा-सहा फोटो पडत असतील, म्हणून दहा हजारांची शीग डिसेंबरलाच भरली. मीडियाशिवाय काढा, जुलै येईल. त्या दोन महिन्यांचे फोटो, व्हॉइस वेगळे काढून ठेवा.

त्या फाइलमध्ये आणखी एक गंमत बघा. पाठवणाऱ्याचा नंबर येत नाही, ज्या फोनवरून काढली त्यात सेव्ह केलेलं नाव येतं. ड्रायव्हरने त्या अधिकाऱ्याचं नाव काय ठेवलंय?

फाइल निघाली की लगेच हॅश काढा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाची सोय आहेच, काही विकत घ्यायला नको. शा-२५६ पद्धतीने काढलात तर ६४ अक्षरांची ओळ येते. त्यानंतर ती फाइल उघडून एक स्पेस जरी टाकून सेव्ह केली तरी पूर्ण वेगळी ओळ येणार. म्हणून मूळ पेनड्राइव्हवर टाकून लिफाफ्यात, वाचायला वेगळी प्रत. 'जरा नीट दिसावं' म्हणून तारखा सरळ करणारे लोक मी बघितलेत.

तांदळातल्या फोनबद्दल मात्र पाया पडतो: चार्जरला लावू नका, आणि बाजारातल्या कुठल्याही दुकानात 'चालू करून दे रे' म्हणून देऊ नका. समजा डिस्प्ले बदलून फोन उठला. घरातला वायफाय त्याला ओळखीचा, तो आपोआप जोडला जाणार. जोडला गेला की त्याला कळणार, हा नंबर दुसऱ्या फोनवर गेलाय, आणि व्हॉट्सॲप बाहेर काढून टाकणार. म्हणून राउटर बंद, सिम बाहेर. एवढं करूनही दुसरी पाचर आहेच. व्हॉट्सॲपची जुनी आवृत्ती काही महिन्यांनी चालेनाशी होते, 'अपडेट करा' म्हणून अडून बसते. मग पोरं काय करतात, फोनची तारीख मागे नेतात. चालतं तसं! पण कोर्टात कोणी विचारलं, या फोनचं घड्याळ २०२४ कसं दाखवतंय, तर काय सांगणार? अशा फोनची आधी अख्खी प्रत काढायची असते आणि मग प्रतीवर काम करायचं असतं. ते माझ्यासारख्याचं काम नाही. मी फक्त डब्यातून बाहेर काढून कोरड्या पिशवीत ठेवा म्हणेन, तेही फोटो काढून.

---

निवृत्त क्यूए

मी तीस वर्षं औषध कारखान्यांत क्वालिटीला काढली. सगळे तुमच्या फोनबद्दल बोलतायत. तुम्ही त्यांचं काय मागितलंत?

औषध कारखान्यात आत आलेला खोकासुद्धा नोंदल्याशिवाय पुढे सरकत नाही. गाडी आली की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद. मग नमुना, मग तपासणी: बर्स्टिंग (किती दाबाला फाटतो), ओलावा, मापं. मग 'मंजूर' किंवा 'नामंजूर'चं लेबल. तुमचे खोके खरंच नरम होते तर नामंजुरीची नोंद हवी, डेव्हिएशन (नियमाबाहेर काही घडल्याची नोंद) हवं, तुम्हाला पाठवलेली तक्रार हवी. आणि मंजूर करून वापरले असतील तर ओरड कसली? माल कुठे ठेवला, त्या जागेचं तापमान आणि दमटपणा किती होता, याच्याही नोंदी असतात. शेडबाहेर ताडपत्रीखाली ठेवला असेल तर तो प्रवाससुद्धा कुठेतरी सिस्टीममध्ये दिसणार, किंवा दिसायला हवा तिथे दिसणार नाही. दोन्ही तुमच्या फायद्याचं.

त्यांचा माल अमेरिकेला जात असेल तर आणखी सोपं. तिथल्या एफडीएचा, म्हणजे औषध नियंत्रण खात्याचा, २१ सीएफआर भाग ११ हा १९९७ चा नियम आहे. कोणी, कधी, काय नोंदवलं, नंतर काय बदललं, याचा माग संगणकाने स्वतः ठेवायचा. जुनी नोंद खोडता येत नाही, नवी तिच्यापुढे वेगळी नोंदली जाते. आम्ही ऑडिट ट्रेल म्हणायचो आणि तपासणीच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी जागायचो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरलाही १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असा माग ठेवणं बंधनकारक आहे. तुमची भागीदारी आहे, तुम्हाला ते लागू नाही. त्यांना आहे. तुमच्या अकरा गाड्या त्या तारखेनंतरच्या.

---

पेडण्याचा होमस्टेवाला

एकच सांगतो. मागायचं ते आज मागा. आमच्या फाटकासमोर भिंत पाडली गेली, समोरच्या हॉटेलच्या कॅमेऱ्यात सगळं आलेलं. वकिलांनी पत्र पाठवेपर्यंत महिना गेला, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरने, डीव्हीआरने, त्याच्यावर नवं रेकॉर्डिंग केलं होतं. हॉटेलवाला बिचारा खरंच द्यायला तयार होता.

---

खोकेवाली, कुंडई

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर दिरांना समोर बसवून काळ्या कोटांचा पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. आज सकाळी पाव घेऊन पोदेर यायच्या आधी उठून स्वतः ड्रायव्हरच्या घरी गेले, फोन घेऊन आले.

मीडियाशिवाय काढलं. आलं! जून, जुलै, सगळं. 'ओके, पाठवा' ५ जूनला संध्याकाळी ४ वाजून १२ मिनिटांनी. पण डिचोलीच्या दादांनी विचारलं तेच झालंय. ड्रायव्हरने त्या अधिकाऱ्याचं नाव ठेवलंय 'गोळीवाला बाब'. फाइलभर तेच: गोळीवाला बाब: ओके, पाठवा. हसावं की रडावं. बदलून घेऊ का नाव?

आणि अजून एक सापडलं, आम्ही विसरूनच गेलो होतो. १४ जुलैला ड्रायव्हरने त्यांच्या आवारातून फोटो टाकलाय, "माल भायर उतरयला, पावस येता." ताडपत्री दिसते, तिच्याखाली आमचे खोके, आणि पाण्याचं डबकं. आमच्यापैकी कोणी तेव्हा उत्तरसुद्धा दिलं नव्हतं, दिरांनी फक्त अंगठा दाखवला होता.

टॅलीचं काय करू? त्या वर्षी संगणकाची हार्ड डिस्क पावसाळ्यात गेली, बॅकअपवरून परत उभं केलं.

---

काळा कोट, म्हापसा

नाव बदलू नका!! आत्ता बदललं आणि फाइल पुन्हा काढली तर 'कधी बदललं, का बदललं' सुरू होईल. 'गोळीवाला बाब' राहू दे. त्या संपर्काचं पान उघडून नंबरासकट स्क्रीनशॉट घ्या, आणि तोच नंबर त्यांच्या एखाद्या परचेस ऑर्डरवर किंवा ईमेलच्या सहीखाली असेल तर ते जोडा. ड्रायव्हर साक्षीत सांगेल, मी या साहेबांना असं म्हणतो. न्यायाधीशही माणसंच आहेत, उलट खरं वाटेल.

फोटोचा मूळ ड्रायव्हरच्या गॅलरीत आहे का बघा. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोतली काढल्याची वेळ, जागा वगैरे माहिती गळून जाते. मूळ असेल तर तो सोन्यासारखा. त्याची हॅश वेगळी काढा.

टॅलीची डिस्क बदलली हे लपवू नका. शपथपत्रात संगणक नीट चालत होता का, बिघडला असेल तर त्याचा नोंदींवर परिणाम झाला का, हे सांगायचंच असतं. डिस्क दुरुस्त करणाऱ्याचं बिल शोधा. आणि तुमच्या टॅलीच्या पलीकडे तिसऱ्याची नोंद आहेच की, जीएसटी पोर्टल आणि ई-वे बिलं. अकरा गाड्यांची अकरा बिलं जुळली की टॅलीच्या बॅकअपवर कोणी फार वेळ घालवणार नाही. 'सगळे बॅकअप' द्यायचे नाहीत. बाकीच्या गिऱ्हाइकांचे दर त्यात आहेत. या कंपनीच्या खात्याची लेजर (खातेवही) द्या. त्यांना आणखी हवं असेल तर मेटाडेटा, लॉग (नोंद कधी, कशी झाली त्याची संगणकातली माहिती) मागायला कोर्टाकडे जाऊ देत, कोर्टाला तसा आदेश द्यायचा अधिकार आहे.

आणि क्यूएसाहेबांनी सांगितलेलं आज, उद्या नाही, नोटीस म्हणून जाऊ दे: जीआरएन, तपासणीचे अहवाल, नामंजुरीच्या नोंदी, गोदामाच्या दमटपणाच्या नोंदी, ऑडिट ट्रेलसह, जून ते ऑगस्ट २०२३. शिवाय त्या अधिकाऱ्याचा फोन आणि चॅट जपून ठेवा, असं स्वतंत्र पत्र. त्याने नोकरी सोडली असेल तर कंपनी म्हणेल फोन त्याचा होता. म्हणून पत्र दोघांना.

तांदळातल्या फोनसाठी कोर्टाकडून कमिशनर मागता येतो, शास्त्रीय तपासणीसाठी तशी तरतूद आहे. पण आता ग्रुपच इतकं बोलतोय, तर त्या खर्चात पडायचं का, ते तुमच्या वकिलांबरोबर ठरवा.

---

खोकेवाली, कुंडई

मूळ फोटो आहे! ड्रायव्हर कधी काही पुसतच नाही, फोन कायम भरलेला असतो म्हणून मी त्याला वर्षभर ओरडत होते.

हॅश मीच काढली. आधी चुकून वाचायच्या प्रतीची काढली, मग मूळची. दोन्ही ओळी एकच आल्या तेव्हा कळलं की अजून काही बिघडवलेलं नाही. वहीत ६४ अक्षरं हाताने उतरवली, ह्यांनी तपासली, एक 'बी' मी ८ लिहिला होता.

डिस्कचं बिल मिळालं, जीएसटीच्याच फाइलमध्ये होतं. बिलं अकराच्या अकरा जुळली. वकिलांकडे बुधवारी जायचं आहे, ड्रायव्हरही येतोय. त्याला एवढंच विचारायचं आहे की फोन कोर्टात ठेवून घेतला तर गाडीवर असताना बायकोचा फोन कशावर घ्यायचा. भाग ब कोण भरणार, तेही त्याच दिवशी ठरेल.

फोन डब्यातून काढला. आयएमईआय खोक्यावर मिळाला. रंग काळा लिहू की राखाडी, यावर घरात दोन मतं आहेत.